मैत्रिणीचं चांगलं झालं की माझा हात का थांबतो?

रेघोटी:
मी चित्रं काढते. जिच्यासोबत शिकले त्या मैत्रिणीचं पहिलं एकटीचं प्रदर्शन लागलंय. "अभिनंदन गं!" लिहिलं, दोन बदाम टाकले आणि लगेच तिच्या चित्राचा फोटो बोटांनी मोठा करत बसले. कोपऱ्यातल्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा चुकलाय. तो सापडल्यावर जे बरं वाटलं ना, सांगायलाही लाज वाटते. टिकलं दहा मिनिटं. रात्री दोनला परत फोन, परत तोच अंगठा. माझी स्केचबुक तीन आठवडे एकाच पानावर उघडी पडलीये. तिला यातलं काहीच ठाऊक नाही, ती मजेत आहे. अनफॉलो करू का?

अर्धविराम:
करून काय होणार? अंगठा पाठ झालाय तुझा.
२००९ साली जपानमधल्या संशोधकांनी लोकांना काल्पनिक माणसांच्या गोष्टी वाचायला देऊन त्यांचे मेंदू तपासले होते. मत्सर वाटला तेव्हा मेंदूचा जो भाग जागा झाला, तो शारीरिक दुखण्यातही जागा होतो. ज्याचा हेवा वाटतो तो आपल्याच वाटेवरचा असेल तर जास्तच. आणि त्याच माणसावर संकट आलं म्हटल्यावर बक्षीस मिळाल्यासारखा दुसरा भाग सुखावला. तुझी ती दहा मिनिटं म्हणजे हेच. आधी दुखणं, मग त्यावर फुंकर, आणि दोन्ही तुझ्याच डोक्यात.

पटावरचा:
तुमचा मत्सर, माझा मद. षड्रिपूंत शेजारीच बसतात ते.
मी बुद्धिबळ खेळतो. रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, एकदाचं १८०० च्या वर गेलं आणि डोक्यात हवा गेली. ते खाली येऊ नये म्हणून तगड्या खेळाडूंना टाळायला लागलो. आता गणित बघा: के-फॅक्टर (एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलू शकतं तो आकडा) २० असेल तर आपल्यापेक्षा ४०० गुणांनी कच्च्या खेळाडूला हरवून जेमतेम दीड-दोन गुण मिळतात. हरलो तर १८ जातात. एक हार भरून काढायला दहा-बारा डाव जिंकायचे!
अशाच एका पोराकडून हरलो. घोड्याचा साधा फोर्क (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) दिसला नाही, कारण लक्ष पटावर नव्हतंच, त्या आकड्यावर होतं. पोरगं म्हणालं, "काका, डाव परत बघूया का?" मी "घाई आहे" म्हणून सटकलो. घाई कसली डोंबलाची. पुढच्या महिन्यात दुसऱ्याकडून त्याच फोर्कमध्ये सापडलो.

अर्धविराम:
काका, त्या पोराला गाठा आधी.

रेघोटी:
अनफॉलो नाही केलं. आज स्वतःचा डावा हात दिव्याखाली धरून अंगठाच काढायला बसले. चार झाले. चारही तिच्यापेक्षा वाईट आलेत. अवघड असतो हो अंगठा.