'निसर्ग शिकवतो' म्हणे! टेकडीवर मोकळा कुत्रा

घाटपांडी
परवा इथेच एकाने विचारलं होतं: नऊ महिन्यांची लॅब (लॅब्रेडोर कुत्री) आहे, ट्रेकिंगचा अनुभव शून्य, दोघांनाही सवय व्हावी म्हणून पुण्यातल्या पुण्यात तास-दीड तासाचं कुठे जाऊ? साधा प्रश्न. त्यावर सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं उत्तर: 'वेताळ टेकडीवर न्या, सोडा मोकळी. कुत्र्याला काय शिकवायचं, निसर्ग शिकवतो.' तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हा वेगळा धागा.

निसर्गाने आम्हाला काय शिकवलं ते सांगतो. ऑक्टोबर, गवत कमरेएवढं, कुसळं पिकलेली. आमचा कुत्रा बंड्या मोकळा. एक तितर भुर्रकन उडालं, हा गेला मागे. वीस मिनिटं मी 'बंड्या, बंड्या' करत बोंबलत होतो. आला हसत. रात्री मान वाकडी करून कान झटकायला लागला. कुसळ पार आत गेलं होतं, भूल देऊन काढावं लागलं. आठवड्याने गोचीड ताप. प्लेटलेट किती खाली आल्या ते लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

नवख्याला एवढंच सांगेन. उजाडताच चढा, आठच्या आत खाली या. उन्हाळ्यात कातळावर पालथा हात पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसला नाही तर तिच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पाणी तिचं वेगळं न्या. डबकं दिसलं की तिला ओढून घ्या, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) लस झाली असली तरी. नऊ महिन्यांत हाडं अजून भरत असतात, त्यामुळे सिंहगड सध्या नाहीच. हनुमान टेकडी पुरे. आणि साखळी. साखळी. साखळी.

मोकळा_ढाकळा
ते उत्तर माझंच. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.
साखळीला बांधलेल्या कुत्र्याच्या कानात कुसळ जात नाही का? साखळी कानाला बांधता काय? माझा गावठी सहा वर्षं टेकडीवर मोकळा फिरतोय, हाकेसरशी परत येतो. तुमचा येत नाही हा तुमच्या शिकवण्याचा दोष.

घाटपांडी
निसर्ग शिकवतो ना? मग दोष माझा कसा?

रानवाटा
मोकळा_ढाकळा, तुमचा परत येतो, पण येण्याआधी काय करून येतो ते बघितलंय कधी? टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत चार अंडी घालते. तितर, रातवा, सगळे जमिनीवरच बसणारे. कुत्र्याने पकडायलाच हवं असं नाही. पक्षी वारंवार उठला की अंडी उन्हात पडतात, खेळ खलास. मार्च ते जून तरी बांधा हो. हात जोडते.

ग्लिरिसिडिया_हटाव
पक्ष्यांचं खरंच पडलं असेल तर आधी मुद्द्यावर या. टेकड्या मुळात गवताळ. त्यांवर हिरवं दिसावं म्हणून ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं भरली. खाली गवत उगवत नाही, त्यावर घरटं कुठून येणार? तितर कुत्र्याने घालवलं नाही, वृक्षारोपणाच्या फोटोंनी घालवलं.

रानवाटा
तुम्ही मिसळीच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतं.

ग्लिरिसिडिया_हटाव
तिथेही बरोबरच होतं.

सकाळची_पाळी
पक्षी झाले, झाडं झाली, माणसांचं कोणी बोलणार का? मी ५८ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मागून कुत्रा धावत येतो आणि मालक पन्नास फुटांवरून ओरडतो, 'काही करत नाही हो तो!' मला चावला होता तोही काही करत नव्हता. पाच इंजेक्शनं घेतली, महिनाभर.
आणि पाळलेले परवडले. वर बिस्किटांचे पुडे फोडून वीस-वीस भटकी गोळा करणारे पुण्यवान आहेत ना, त्यांच्यामुळे मी टेकडीच सोडली.

भूतदया
ताई, ती 'भटकी' कोणाच्या तरी घरातून टाकलेली असतात. मी रोज जाते. माझ्या टोळीतल्या अकराच्या अकरा जणांची नसबंदी आणि रेबीजची लस झालीय, स्वतःच्या पैशाने. तुम्ही काय केलंत?

सकाळची_पाळी
मी पाच इंजेक्शनं घेतली. सांगितलं ना.

कायद्याचं_बोला
सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश वाचा. नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री जिथली तिथे परत सोडायची, पण खायला ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. टेकडीची पायवाट ही ठरवून दिलेली जागा आहे का?

भूतदया
मग जागा ठरवून द्या! नाही ठरली तोवर उपाशी मारायची का? आणि बिस्किटं मी देत नाही, भात आणि कोंबडीचे पाय नेते. बिस्किटं तुमच्यासारखे रविवारचे फोटोवाले टाकतात आणि प्लास्टिक मी उचलते.

मोकळा_ढाकळा
कोंबडीचे पाय!! म्हणजे माझा रोज खाली येऊन ढेकर देतो तो तुमच्यामुळे!

घाटपांडी
हाकेसरशी येतो ना?

डोणजेकर
एक सांगू का, तुम्ही शहरातले टेकडीवर भांडताय. आमच्याकडे सिंहगडाच्या पायथ्याला अंधारात मोकळा कुत्रा म्हणजे बिबट्याचं ताट. अकोले तालुक्यात बिबट्यांवर अभ्यास झाला, त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचा निघाला. माझा राजा गोठ्यापासून वीस पावलांवरून गेला. सकाळी पट्टा सापडला फक्त. मी साखळीवर वाद घालत नाही, उजाडल्याशिवाय बाहेर काढत नाही. बाकी चालू द्या.

चहाटळ
आता कोणी रायगडावरचा वाघ्या काढायच्या आत संपादकांनी धाग्याला साखळी घालावी.

ग्लिरिसिडिया_हटाव
आणि टेकडीतून रस्ता-बोगदा गेला की ना कुत्रा ना तितर. त्यावर किती जण बोललात?

लॅबवाला_नवखा
नमस्कार. तो मीच. माझ्यासाठी एवढं भांडण होईल असं वाटलं नव्हतं.
आज सहा वाजता हनुमान टेकडीवर गेलो. साखळी होती. पाणी दोघांचं वेगळं होतं. पक्षी उठवला नाही. अर्ध्यात बाईसाहेब बसल्या त्या बसल्याच. ओढून बघितलं, चिकन दाखवून बघितलं. शेवटी खांद्यावर घेऊन उतरलो. चोवीस किलो. वाटेत एक आजोबा म्हणाले, 'फिरायला कोण आलंय?'

मोकळा_ढाकळा
मोकळी असती तर स्वतः चालत आली असती.
बरं, ते टिटवीचं मला माहीत नव्हतं. जूनपर्यंत लांब दोरी लावीन. टिटवीसाठी. घाटपांडींसाठी नाही.

घाटपांडी
टिटवीतर्फे आभार. लॅबवाले, कुसळाचं मात्र ढाकळांचं बरोबर आहे, साखळीने थांबत नाही. गवतातून आलात की बोटांच्या बेचक्या आणि कान रोज बघा. (हे लिहिताना त्रास झाला.)

सकाळची_पाळी
दोरी किती लांब? कारण वाटेवर आडवी आली तर मी परत गुडघ्यावर.

लॅबवाला_नवखा
बेचक्या बघितल्या. एक गोचीड सापडली. आई म्हणतेय रॉकेल लाव. लावू?

भूतदया
नको!

घाटपांडी
नको!! चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, चिरडू नका.

डोणजेकर
आम्ही पन्नास वर्षं रॉकेलच लावतोय.