‘पवित्रा बदलणे’ की ‘घडी मोडणे’?

एका लेखाचं भाषांतर करतेय. विमान कंपन्या स्पर्धा करण्याची आपली रीत लवकर का बदलत नाहीत, असा विषय आहे. मी ‘पवित्रा बदलत नाहीत’ असं लिहिलंय. चालेल का?

—

ताई, इथे ‘पवित्रा’ खटकतो. तो आखाड्यातला शब्द. पैलवान क्षणात पवित्रा बदलतो. विमान कंपनीही बदलते, पण फक्त भाड्यात. एकीने सकाळी तिकीट उतरवलं की संध्याकाळपर्यंत दुसरीही उतरवते. तिथे ‘पवित्रा’ चपखल.

बाकीचं मागासारखं. आमचं घर सोलापुरात पूर्वभागात, दोन पिढ्या चादरीच्या मागावर. बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, रंग बदलायचा तर त्याची कांडी बदलली की झालं. पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, बदलायचा असेल तर उभ्या धाग्यांचा नवा बीम भरा, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवा. तोवर माग बंद, मजुरी बंद.

आपल्या होटगी रोडवरून ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं. त्या कंपनीचा सगळा ताफा एटीआर या छोट्या, पंख्याच्या विमानांचा. उद्या तिला दिल्लीची मोठी विमानं घ्यायची झाली, तर त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक हवेत, सुटे भाग वेगळे, तंत्रज्ञ वेगळे. विमानाची मागणी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. मोठ्या विमानतळावर उतरायची वेळ मिळवायची ती निराळीच. इंडिगो २००६ पासून उडतेय, बिझनेस क्लास आला २०२४ च्या नोव्हेंबरात. अमेरिकेतल्या साउथवेस्टला जागा नेमून द्यायला २०२६ उजाडलं, सुरुवात १९७१ ची. म्हणून मी ‘बसलेली घडी मोडत नाहीत’ म्हणेन.

—

दादा, मागाचा दाखला अगदी पटला. पण ‘घडी मोडणे’ला आमच्याकडे दुसरा अर्थ आहे. नवी इरकल पहिल्यांदा नेसली की ‘घडी मोडली’ म्हणतात. तो आनंदाचा प्रसंग. ‘बसलेली’ हा शब्द गाळला तर वाचक तिकडेच जाईल. ‘विस्कटणे’ही नको, ते आपोआप होतं.

शिवाय ‘मोडत नाहीत’पेक्षा ‘मोडवत नाही’ घ्या. ‘त्यांना बसलेली घडी मोडवत नाही.’ मोडावीशी वाटते, पण हात धजत नाही, हे त्या एका ‘व’मध्ये येतं.

—

‘मोडवत नाही’ घेतलं. भाड्याच्या परिच्छेदात ‘पवित्रा’ तसाच ठेवते. मागवाले दादा, कांडी आणि पन्ना तळटीप न देता वापरले तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळतील का?