खोदलेल्या रस्त्यालगतचे दिवस : सोलापूरकरांचे अनुभव

सोलापुरात दोन ओळखीचे भेटले की आधी "पाणी कधी आलं होतं?" असे विचारतात आणि त्यानंतर "तुमच्याकडची चर बुजवली का?" असे विचारतात. जलवाहिनी, ड्रेनेज, इंटरनेटची तार अशा एका मागून एक कामांसाठी आपले रस्ते उघडले जातात. संध्याकाळी घरातील टीव्हीवर संसद, न्यायालय आणि निवडणुका चालू असतात, आणि खिडकीतून खाली पाहिले तर मातीचा ढीग दिसतो. रस्ता उघडा असताना आपल्या घरात काय घडले, टीव्हीवरील कोणत्या बातमीवरून काय बोलणे झाले, घरातल्या आणि गल्लीतल्या जनावरांनी ते दिवस कसे काढले, हे या धाग्यात सविस्तर लिहावे. ठेकेदार, कार्यालय वा कार्यकर्ता यांचे नाव कृपया घेऊ नये. कोणता पक्ष चांगला आणि कोणता वाईट, हा वाद इथे नको. तो चौकात रोज होतच असतो.

जुळे सोलापूर, निवृत्त स्थापत्य अभियंता

माझी सारी नोकरी रस्ते आणि नळ यांच्यात गेली. त्यामुळे दारात जेसीबी आला की मी आपसूक फाटकापाशी जाऊन उभा राहतो, आणि घरच्यांना ते मुळीच आवडत नाही. सोलापूरच्या बऱ्याच भागात वरचा थर काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीत नळासाठी चर घेतली तर नळाखाली मऊ थर अंथरावा, वर पंधरा ते वीस सेंटीमीटरच्या थरांनी मुरूम भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करावी, म्हणजे तो ठोकून घट्ट दाबावा, आणि मगच खडी व डांबर यांच्याकडे वळावे, अशी पद्धत आहे. आमच्या गल्लीत मात्र उकरून काढलेली तीच काळी माती एका दमात चरीत लोटली गेली, तिच्यावर थोडा मुरूम पडला आणि जेसीबीच्याच चाकाखाली तो दाबला गेला. मी मुकादमाला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पाऊस पडला की आपोआप बसतंय की." त्याचे म्हणणे खरे ठरले. पहिल्या मोठ्या पावसात चर बसली आणि तिच्यासोबत शेजाऱ्यांच्या मोटारीचे पुढचे चाकही बसले.

उंचीबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच नवे डांबर घालत गेल्याने रस्ता दर खेपेला थोडा वर येतो आणि घरे तेवढी खाली जातात. आमचे घर बांधले तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. आज एक उरली आहे आणि तीही अर्धीच दिसते.

आता राजकारणाविषयी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली, ती बातमी आम्ही घरी बसून पाहत होतो. नातवाने लगेच विचारले, "आजोबा, त्यातले आपल्या गल्लीत किती येणार?" पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा ६५ क्रमांकाचा किंवा विजापूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग ज्या खिशातून होतो, त्या खिशातून गल्लीतली चर बुजवली जात नाही, हे त्याला समजावताना मला बराच वेळ लागला. त्याचे वडील तर अजूनही मान्य करायला तयार नाहीत. महामार्ग गुळगुळीत दिसला की ते दिल्लीला शाबासकी देतात आणि घराजवळ स्कूटर आदळली की दिल्लीलाच शिव्या देतात. मला वाटते, आपल्यापैकी बहुतेकांचे राष्ट्रीय राजकारणाविषयीचे मत असेच दुचाकीच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तयार होते.

दमाणी नगर, औषध दुकानदार

पायऱ्यांविषयी वर लिहिले आहे ते अगदी खरे आहे. आमच्या दुकानाचा उंबरा आता रस्त्याच्या पातळीला आला असून पावसाळ्यात खालच्या फळीवरील माल वर उचलून ठेवावा लागतो. राजकारणाबद्दल मला काही सांगायचे नाही. गिऱ्हाइकासमोर तो विषय काढू नये, असे वडिलांनी सांगून ठेवले आहे, आणि दुकानात टीव्हीही नाही.

अशोक चौक परिसर, यंत्रमागावर टॉवेल विणणारे कुटुंब

आमचे घर पूर्व भागात आहे. आजी तेलुगू मालिका पाहते. माझी आई अक्कलकोटकडील, तिचे माहेर कानडी, म्हणून तिला दुपारी कानडी वाहिनी लागते. आम्हा भावंडांना मराठी बातम्या आणि क्रिकेट हवे असते. फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घ्यायचा नियम आला, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि वर कर एवढेच भरायचे, असे ऐकून आम्हाला बरे वाटले होते. पण पैसे घेणाऱ्या वाहिन्यांचे दर वेगळे होते, आणि तीन भाषांच्या घराला एका भाषेचा पॅक पुरत नाही. केबलवाल्या अण्णांनी वहीत तीन रकाने आखून आमचा हिशेब मांडला होता. कोणाची भाषा कापायची यावर आमच्या घरात जी चर्चा झाली, तिच्यापुढे भाषिक प्रांतरचनेचा वाद सौम्य वाटला असता.

गेल्या उन्हाळ्यात ड्रेनेजच्या कामात जेसीबीच्या हाताला अडकून खांबांवरून आलेली तार तुटली आणि आमच्यासह अख्ख्या बोळाचा टीव्ही बंद पडला. एरवी मागाच्या खडखडाटात टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवावा लागतो. मग वीज गेली, माग थांबले, की टीव्हीही थांबतो. त्यामुळे शांततेत टीव्ही पाहणे आमच्या घराला ठाऊकच नाही. तार तुटल्यावर उलटे झाले. माग चालू होते आणि समोरची काच काळी होती. आजी पहिले दोन दिवस त्या काळ्या काचेसमोरच नेहमीच्या जागी बसत असे. तिसऱ्या दिवशी ती उंबऱ्यावर येऊन बसली आणि खड्ड्यात उतरलेल्या मजुरांशी तेलुगूत बोलू लागली. त्यांच्यातले दोघे महबूबनगरकडील निघाले. आमचे पणजोबाही त्याच भागातून मागाच्या कामासाठी सोलापुरात आले होते. मग काम संपेपर्यंत दुपारचा चहा त्या दोघांना आमच्याकडून जात असे, आणि आमच्या दारापुरती चर जरा नीट बुजवली गेली, असा आमचा संशय आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले. सोलापूरचे टेरी टॉवेल बाहेर जातात, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या बोळात मालिका मागे पडल्या आणि सगळीकडे बातम्याच लागल्या. एरवी परराष्ट्र धोरण म्हटले की वडील वाहिनी बदलतात. तेव्हा मात्र त्यांनी पुढ्यात सुताच्या कोनांचा हिशेब ठेवून सगळे ऐकले. पडद्यावर चार कोपऱ्यांत चार माणसे एकाच वेळी ओरडत होती आणि टॉवेल हा शब्द त्यांपैकी एकानेही उच्चारला नाही. "ह्यांच्यापेक्षा आपला माग बरा, एका वेळी एकच धोटा पळवतो," असे म्हणून वडील जेवायला उठले.

विजापूर रोड, बँक कर्मचारी

आमच्याकडे गावठी जातीची एक कुत्री आहे. सोलापूरचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४३-४४ अंशांवर जातो, म्हणून तिला पहाटे आणि रात्रीच फिरवावे लागते. दुपारच्या डांबरावर तिचे पंजे भाजतात. रस्ता खोदल्यावर तिला वाटच उरली नाही. चरीवर टाकलेल्या फळीवरून ती एकदाही गेली नाही, उचलून घ्यावे लागले. मात्र गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना तोच काळ सुखाचा गेला. चरीच्या तळाशी ओल होती, सावली होती, आणि वाळूच्या ढिगावर रात्री गारवा असे. खोदकामामुळे दुचाक्यांचा वेग कमी झाल्याने त्यांचे पाठलागही थांबले होते.

याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाचा दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांविषयीचा आदेश आला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्व कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत असे सांगण्यात आले, आणि २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन, पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता, इतरांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडावे, खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात, असे ठरले. आमच्या इमारतीच्या बैठकीत त्या आदेशाचे वाचन झाले. पहिला आदेश मान्य असणारे आणि दुसरा मान्य असणारे असे दोन गट पडले, आणि ते लोकसभेला पडणाऱ्या गटांशी मुळीच जुळत नव्हते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गृहस्थ पोळ्या टाकण्याच्या जागेवरून एका बाजूला आले. शेवटी पाण्याच्या टाकीमागची जागा ठरली.

एक गोष्ट सर्वांसाठी लिहितो. शेजारच्या मुलाला चर ओलांडताना कुत्रे चावले तेव्हा घरच्यांनी आधी हळद लावली. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते आणि त्याच दिवशी लस सुरू करायची असते. पुढच्या मात्रा ठरलेल्या दिवशीच घ्याव्या लागतात. कुत्रे धडधाकट दिसते म्हणून थांबू नये. पाण्याचा दिवस नसला तरी या कामासाठी पिंपातले पाणी खर्च करावे.

विडी घरकुल, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझी आई विड्या वळते. तिच्या मांडीवर सूप असते, सुपात ओली केलेली तेंदूची पाने आणि तंबाखू असते, आणि समोर टीव्ही असतो. ती टीव्ही पाहते म्हणण्यापेक्षा ऐकते, कारण पान कापून, तंबाखू भरून, वळून, टोक मुडपून दोरा गुंडाळेपर्यंत तिची नजर बोटांवरच असते, आणि हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असल्याने मान वर करणे तिला परवडत नाही. मालिकेतील पात्रे ती आवाजावरून ओळखते. नेत्यांनाही ती आवाजावरूनच ओळखते, आणि कोण खरे बोलतो हे चेहरा न पाहता अधिक कळते, असे तिचे ठाम मत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विड्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि तेंदूपानांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. मी तो आईला वाचून दाखवला. तिने विचारले, "मग मजुरी वाढणार का?" तसे काही त्यात नाही म्हटल्यावर तिने आवाज कमी करून मालिका लावायला सांगितली.

आमचे मांजर सुपाशेजारीच झोपते. बाहेर कामाचा रोलर आला की घरातील भांडी थरथरतात आणि मांजर कपाटावर जाऊन बसते. रोलर आमच्या गल्लीत एकदाच आला होता.

बाळीवेस, व्यापारी

आमच्या भागातील रस्त्यांना वर्षातून एकदा खरी परीक्षा असते, ती जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत. सात नंदीध्वज यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघतात. नंदीध्वज पेलणारा माणूस तो उंच, जड ध्वज कमरेच्या आधारावर तोलून चालतो. त्याची नजर वर असल्यामुळे पायाखालचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून यात्रेच्या मार्गावरील खड्डे अक्षता सोहळ्याआधी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाआधी, बुजवले जातातच, मग तिजोरीत पैसे असोत वा नसोत. आमच्याकडे येणारे पाहुणे विचारतात की एवढाच रस्ता कसा चांगला. त्यांना आम्ही सिद्धेश्वरांची कृपा असे सांगतो.

महापालिकेची आधीची निवडणूक २०१७ साली झाली होती आणि सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर बराच काळ प्रशासक होते. या काळात खड्ड्याबद्दल कोणाकडे जायचे हा प्रश्नच होता. एरवी नगरसेवकाला सकाळी चहाच्या गाड्यावर गाठता येते. प्रशासकाला तिथे गाठता येत नाही. पुढे १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान लागले, म्हणजे नेमके यात्रेच्या दिवसांत. त्या पंधरवड्यात यात्रेचा मार्ग तर झालाच, पण ज्या बोळातून नंदीध्वज कधीच जात नाहीत तिथेही खडी येऊन पडली. खडी पसरायला मात्र कोणी आले नाही. आमच्या दुकानातील दोन पोरांनी ती फावड्याने पसरली, आणि ते काम आपल्या पक्षाने केले, असे तीन वेगवेगळ्या फलकांवर छापून आले.

शेळगी, गृहिणी

अभियंता साहेबांना एक विचारायचे आहे. आमच्या बोळात काल सिमेंटचा रस्ता झाला. रात्री कुत्री त्यावरून गेल्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पंजे उमटले आहेत. ते बुजवायला सांगावे का? आणि कामावरची माणसे म्हणतात की चार दिवसांत टेम्पो नेता येईल, ते बरोबर आहे का?

जुळे सोलापूर, निवृत्त स्थापत्य अभियंता

पंजे राहू द्यावेत, ताई. वरून सिमेंटचे पाणी फासले तर तो पापुद्रा लवकरच निघून येतो, आणि पंजांनी रस्त्याचे काही बिघडत नाही. टेम्पोचे मात्र मुळीच ऐकू नये. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात आणि निदान १४ दिवस ते ओले राहिले पाहिजे. त्यावर पोती अंथरलेली असतील तर दुपारी दोनच्या सुमारास हात लावून पाहावे. कोरडी लागली तर कोणाची वाट न पाहता बादल्या ओताव्यात. बोळाच्या दोन्ही तोंडांना दगड लावून ठेवावेत, म्हणजे टेम्पोवाल्यांशी वाद घालावा लागणार नाही. पाण्यासाठी नळाच्या दिवसाची वाट पाहू नये, जवळच्या बोअरचे पाणी चालते.