हायड्रोपोनिक भाजी ‘केमिकलवाली’ असते हा गैरसमज, की रास्त शंका?

पानमळा

घरात मातीशिवाय भाजी लावलीय म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: “म्हणजे केमिकलवर वाढवलेली ना?” हा समज मुळातूनच चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा काढतेय.

झाडाचं मूळ शेणखत जसंच्या तसं शोषत नाही. खत कुजतं, सूक्ष्मजीव ते फोडतात आणि त्यातला नायट्रोजन शेवटी मुळात शिरतो तो मुख्यतः नायट्रेट किंवा अमोनियम होऊनच. हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे पाण्यात खनिज क्षार विरघळवून केलेल्या द्रावणात, आपण तेच थेट देतो. झाडाला 17 मूलद्रव्यं लागतात. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात, उरलेली 14 खनिज रूपात मुळांवाटे घ्यायची. ती शेणातून आली की पुडीतून, याने मुळाला काही फरक पडत नाही. यूलियुस फॉन झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1860 मध्येच नुसत्या क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवून दाखवली होती.

दुसरा समज पाण्याचा. मुळं पाण्यात, म्हणजे पाणी भरपूर लागणार असं वाटतं. पण झाकलेल्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरत नाही, वाफ होऊनही फारसं जात नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनासाठी केलेली एक तुलना 2015 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक किलो लेट्यूसला शेतात साधारण 250 लिटर आणि हायड्रोपोनिक्समध्ये 20 लिटर पाणी, असा अंदाज निघाला.

मृद्गंध

त्याच तुलनेतला ऊर्जेचा आकडा का गाळलात? शेतात किलोमागे सुमारे 1,100 किलोज्यूल आणि हायड्रोपोनिक्समध्ये 90,000! पाणी वाचलं हे खरं, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजलीच ना?

आणि ‘केमिकल’ म्हणणाऱ्या माणसाला अडाणी ठरवू नका. मुळाला फरक पडत नाही हे मलाही मान्य आहे. माझा प्रश्न मुळाच्या बाहेरचा आहे. हे नायट्रेट बनवायला कारखान्यात अमोनिया लागतो, तो बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून होतो. वापरून झालेलं द्रावण लोक सरळ मोरीत ओततात. जिवंत माती राखणं हा सेंद्रिय शेतीचा गाभा आहे. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत मातीशिवाय वाढवलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणता येत नाही. अमेरिकेत म्हणता येतं. जाणकारांमध्येच दोन तट आहेत, तेव्हा याला गैरसमज म्हणून निकालात काढू नका.

पानमळा

ऊर्जेचा आकडा बरोबर आहे, पण तो तापमान राखणाऱ्या हरितगृहाचा आहे. त्यातली बहुतेक ऊर्जा गरम-थंड करण्यात जाते. घरच्या गॅलरीत उन्हात ठेवलेल्या डब्याला तो लावणं योग्य नाही. हवाई विद्यापीठाचे बर्नार्ड क्रॅट्की यांच्या पद्धतीत तर पंपही नाही. द्रावण एकदा भरायचं, झाड पितं तशी पातळी उतरते आणि वरची मुळं हवेत येऊन श्वास घेतात. वीज शून्य.

मोरीचा मुद्दा मात्र मान्य. जुनं द्रावण पातळ करून मातीतल्या कुंड्यांना घालावं.

टाकीवाला

तुम्ही दोघंही बाहेरच्यांच्या गैरसमजांवर बोलताय. मला जास्त काळजी वाटते ती या छंदात पडलेल्यांच्या गैरसमजांची, कारण त्यांनीच नवे लोक निराश होऊन सोडून देतात.

‘उत्पन्न दुप्पट होतं’ हा त्यातला सगळ्यात जुना. 1930 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनी द्रावणावर टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवले आणि सगळीकडे गाजावाजा झाला. त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी बारकाईने तपासून 1938 साली लिहिलं की चांगल्या सुपीक मातीतलं उत्पन्न द्रावणापेक्षा कमी नसतं. आजही विक्रेते तुलना करतात ती बहुधा उपाशी मातीशी.

‘माती नाही म्हणजे कीड नाही’ हेही तसंच. मातीतून येणारे काही रोग टळतात, एवढंच. मावा, पांढरी माशी, फुलकिडे, लाल कोळी पानावर येतात, त्यांना खाली माती आहे की पाणी याचं सोयरसुतक नसतं. उलट पाण्यातून पसरणारी मूळकूज इथे जास्त घातक. 20 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम 9 मिलीग्रॅम विरघळतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी तापलेल्या मुळांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. मुळं गुदमरली की पिथियम हा मूळकूज करणारा बुरशीसारखा जीव घुसतो, पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. टाकी एकच असेल तर एका रोपाचा रोग सगळ्यांचा होतो. कुंडीत एक रोप मरतं, इथे अख्खी रांग जाते.

म्हणून ‘एकदा लावा आणि विसरा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टाकीवर ऊन पडू देऊ नका, प्रकाश आत शिरू देऊ नका, नाहीतर शेवाळ धरतं.

उजेड

प्रकाशाबद्दल कुणीच बोललं नाही. खोलीत कुठेही ठेवलं तरी वाढतं, हा समज मला सर्वात घातक वाटतो. आपल्या डोळ्यांना जी खोली लख्ख वाटते ती झाडाच्या हिशेबाने अंधारीच असते. रोप लांबुडकं होऊन आडवं पडतं आणि लोक दोष द्रावणाला देतात. शिवाय कमी उजेडात पालेभाजी घेतलेलं नायट्रेट पुरतं वापरू शकत नाही, ते पानातच साठतं.

मृद्गंध

मग ‘केमिकल’ची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती!

उजेड

नायट्रोजन जास्त दिलेल्या मातीतला पालकही सावलीत हेच करतो. प्रश्न उजेड आणि मात्रेचा आहे. द्रावणात मात्रा निदान मोजता तरी येते.

नवी पालवी

मी सुरुवात करतेय. कोवळी पानं पिवळी पडलीत, शिरा हिरव्या आहेत. खत वाढवू का?

टाकीवाला

थांबा, आधी द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) बघा. 5.5 ते 6.5 हवा. तो चढला की लोह द्रावणात असूनही मुळांना मिळत नाही, आणि लक्षण हेच दिसतं. खत वाढवून फक्त क्षार वाढतील. ईसी (विद्युतवाहकता) मीटरवरही विसंबू नका. एकूण क्षार किती हे तो सांगतो, त्यातलं नेमकं काय कमी आहे ते नाही. आणि ‘ए’ व ‘बी’ अशी दोन द्रावणं असतील तर दाट असताना एकत्र करू नका. कॅल्शियम हे सल्फेट-फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसतं. एक पाण्यात नीट ढवळून घ्या, मगच दुसरं घाला.

मृद्गंध

चव राहिलीच. पाण्यावरचा टोमॅटो पाणचट लागतो हे तरी मान्य करा.

पानमळा

नाही करणार! चव ठरते ती वाण, ऊन आणि फळ कधी तोडलं यावर. टोमॅटोला द्रावण थोडं तीव्र ठेवलं तर फळं लहान येतात पण गोडी वाढते, फक्त फार तीव्र केलं तर फळाचं बूड काळं पडतं. व्यापारी उत्पादकाला वजन हवं असतं, म्हणून तो तसं करायला कचरतो. घरी तुम्हाला वजन करून विकायचं नाहीये.

मृद्गंध

एकाच वाणाची दोन रोपं, एक कुंडीत, एक द्रावणात, शेजारी शेजारी एकाच उन्हात लावा. फळं आली की न सांगता चाखायला द्या. तोवर माझं मत तेच.

पानमळा

लावते. माती मात्र तुम्ही सांगाल तशी भरते, म्हणजे नंतर ‘माती उपाशी होती’ असं कुणी म्हणायला नको. मिश्रण कसं घेऊ ते लिहा.