तानसेन समारोह आणि ग्वाल्हेरचा किल्ला : चार दिवस कसे बसवावेत?

सुरपेटी : डिसेंबरात तानसेन समारोहाच्या संगीत सभा ऐकायला आईला घेऊन पुण्याहून ग्वाल्हेरला येतेय. ती ख्यालाची जुनी श्रोती आहे, पण गुडघे दुखतात, जमिनीवर फार वेळ बसवत नाही. समारोहाच्या कोणत्या सभा चुकवू नयेत? आणि किल्ला कधी, कोणत्या वाटेने करावा? ग्वाल्हेरची मंडळी सांगतील का?

लष्करवाले : ताई, सर्वात आधी पहिला दिवस सांभाळा. उद्घाटनाची सकाळ शहराच्या हजिरा भागात, तानसेनाच्या समाधीपाशीच होते. शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलाद (पैगंबरांचं स्तुतिगान) आणि समाधीवर चादर. ढोलीबुवांचा मठ ही इथल्या मराठी माणसांची नाथपंथी परंपरा, म्हणून आईंना ही सकाळ खास जवळची वाटेल. बाहेरगावचे बहुतेक रसिक थेट संध्याकाळच्या सभेला उगवतात आणि नेमकं हेच त्यांच्या हातून सुटतं.

जागा पाहून घ्या. घुमटाची मोठी इमारत, जिच्या चारी बाजूंना दगडी जाळ्या आहेत, ती सूफी संत मोहम्मद गौस यांची कबर. तानसेनाची समाधी तिच्या बाजूला, खांबांवरची छोटी उघडी छत्री. फोटो मोठ्या इमारतीचे काढून 'तानसेन पाहिला' म्हणणारे पुष्कळ भेटतात. समाधीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो अशी समजूत आहे. पानं ओरबाडू नका, झाड कोवळं आहे.

सभांचं गणित असं : सकाळची साधारण दहाला, संध्याकाळची सहाला. प्रत्येक सभेची सुरुवात एखाद्या संगीत महाविद्यालयाच्या ध्रुपदाने होते. 'मुख्य कलाकार नंतरच येणार' म्हणून उशिरा गेलात तर हे ध्रुपद बुडतं. ते बुडवू नका, ग्वाल्हेरचे राजे मानसिंह तोमरांनी ज्या गायकीला आश्रय दिला ती हीच. सकाळची एक सभा तरी धराच : तोडी, देशकार, अल्हैया बिलावल मैफिलीत ऐकायची संधी आता फार कमी मिळते, कारण बहुतेक शहरांत मैफिली संध्याकाळीच होतात. दरबारी किंवा मालकंस हवा असेल तर रात्री उशिरापर्यंत थांबायची तयारी ठेवा.

गुडघ्यांसाठी : पुढच्या रांगा पाहुण्यांच्या असतात, मध्ये गाद्या. अर्धा तास आधी पोचून स्वयंसेवकाकडे आईंसाठी खुर्ची मागा. खुर्ची शक्यतो मंचाच्या समोर मध्यरेषेवर घ्या. कडेला बसलं की एकाच बाजूच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज कानावर येतो आणि तानपुरा दबून जातो.

दोन कार्यक्रमांमध्ये वाद्यं लावायला बराच वेळ जातो. त्याला कारण आहे. गारठ्याने तारा आकसून त्यांचा सूर चढतो, उलट दवाने तबल्याची चामड्याची पुडी ओल धरून तिचा सूर उतरतो. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध सरकतात, म्हणून पुन्हा पुन्हा जुळवावं लागतं. चहा त्याच वेळात उरकून घ्या.

तोमरगढी : किल्ल्याबद्दल. दोन वाटा आहेत. पश्चिमेचा उरवाई दरवाजा गाडीचा, पूर्वेचा ग्वाल्हेर दरवाजा पायी चढायचा. आईंना गाडीने उरवाईकडून न्या. याच वाटेवर कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, तिथे गाडी थांबवायला आधीच सांगून ठेवा.

तुम्ही स्वतः मात्र एकदा पूर्वेच्या वाटेने चढा. हत्ती पोळ या दरवाजाच्या खाली, चढाच्या कडेला, एकाच दगडात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. गाडीने जाणाऱ्यांच्या ते नजरेलाच पडत नाही. त्यातल्या सन 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे शून्याच्या गोल खुणेसह कोरलेले आहेत. पहिला आकडा देवळाच्या बागेच्या जमिनीच्या मापाचा, दुसरा रोज वाहायच्या माळांचा. अक्षरं बारीक आहेत, सकाळी तिरपा उजेड असताना किंवा टॉर्च आडवा धरून पाहा.

वरती मानमंदिर महालाच्या भिंतींवरच्या निळ्या टाइल्स, सासबहू मंदिर (1093 मधलं, महिपाल कच्छपघाताच्या काळचं) आणि तेलीचं मंदिर, एवढं पुरे. तिथली तिकिटं एकाच ठिकाणी मिळत नाहीत. पुरातत्त्व खात्याचं आणि राज्याच्या महालांचं वेगवेगळं आहे, मिळालेलं तिकीट फेकू नका. मानमंदिराच्या तळघरात जिने अरुंद आणि काळोखे आहेत. आईंना वरच्या चौकातच बसवा, जाळ्यांचं कोरीवकाम तिथूनच उत्तम दिसतं.

पायथ्याचा गुजरी महाल, म्हणजे आताचं संग्रहालय, सोमवारी बंद असतो. तिथली ग्यारसपूरची शालभंजिका ही प्रसिद्ध स्त्रीमूर्ती कुलपात ठेवलेली असते. तिकीट काढतानाच विचारलं तर दाखवतात, न विचारता पुढे गेलात तर बाहेर पडल्यावर हळहळाल.

सुरपेटी : फारच उपयोगी! शेवटच्या दिवशी बेहटची सभा असते असं ऐकलं. आईला नेऊ का?

लष्करवाले : बेहट म्हणजे तानसेनाचं जन्मगाव, झिलमिल नदीकाठी. शहरापासून साधारण 45 किलोमीटर. सकाळची सभा तिथे, संध्याकाळची गुजरी महालात, असा शिरस्ता आहे. वाटेत धुकं असतं, त्यामुळे भल्या पहाटे निघून फायदा होत नाही, उजाडल्यावरच निघा आणि गाडी जाण्या-येण्याची ठरवा, तिथून परतीचं वाहन मिळत नाही. बसायला जाडजूड सतरंजी, शिवाय आईंसाठी घडीची खुर्ची घेऊन जा. बेहट आणि गुजरी महालाची सभा एकाच दिवसात दोन्ही केल्या तर आईंना दमणूक होईल. निवडायचंच तर माझं मत गुजरी महाल.

तोमरगढी : रेल्वेचं आरक्षण करताना समारोहाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचेल अशी गाडी बघा. डिसेंबरात दिल्ली-आग्रा मार्गावर धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. तुमची गाडी दक्षिणेकडून येत असली तरी तिचा डबा-संच उत्तरेहून उशिरा सुटलेला असतो, म्हणून फटका बसतोच. परतीच्या तिकिटातही एक दिवसाची सैल ठेवा. आणि रात्रीच्या सभेनंतर हजिऱ्यावर ई-रिक्षा विरळ होतात, हॉटेलला सांगून गाडी आधीच ठरवा.