मदत हवी आहे: टोपीवरच्या सह्या टिकवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. विमानतळावर बॅगांची वाट बघत होतो आणि शेजारी चक्क ऑलिम्पिक खेळलेल्या दोन हॉकीपटू! धीर करून सही मागितली. कागद नव्हता, म्हणून लेकीच्या पांढऱ्या सुती टोपीवर दोघींनी मार्करने सह्या केल्या. एकीने तर टोपी गुडघ्यावर ताणून धरली आणि लेकीचं नाव विचारून तेही लिहिलं. किती साधी माणसं!

उजेडाने शाई उडते, म्हणून टोपी सध्या कपाटात आहे. पण लेकीला ती रोज समोर हवी आहे. अतिनील किरण अडवणाऱ्या काचेची पेटी पुरेल का? आत आम्लरहित कागद भरावा का? आणि मुख्य म्हणजे, सह्यांना धक्का न लावता कडेचा घामाचा डाग कसा काढायचा? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.