बाजूच्या बिल्डिंगची धूळ: तक्रार नेमकी कुठे आणि काय लिहून करायची?

चेंबूरची_सूनबाई
नमस्कार मंडळी. आम्ही चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. दिवाळीनंतर बाजूची जुनी बिल्डिंग पाडायला घेतली, रिडेव्हलपमेंट, आणि तेव्हापासून दिवसातून तीनदा लादी पुसली तरी पाय पांढरे होतात. गॅलरीत कपडे वाळत घालणं तर सोडूनच दिलंय. सासूबाईंना दमा आहे, त्यांचा पंप दोनदाचा चारदा झालाय म्हणून डोकं फिरलंय माझं. सुपरवायझरला सांगितलं की "हो ताई, पाणी मारतो" म्हणतो, दहा मिनिटं पाइप धरून उभा राहतो आणि मी वर गेले की पाइप गुंडाळतो. त्यात मोबाईलवर एक अॅप म्हणतं एक्यूआय (हवा किती खराब त्याचा आकडा) दीडशेच्या वर, दुसरं म्हणतं समाधानकारक, आता खरं कोणाचं धरायचं? आणि कृपया खिडक्या बंद ठेवा असं कोणी सांगू नका, त्या बंदच आहेत.

मुलुंडचा_सेक्रेटरी
ताई, आम्ही हे दीड वर्ष भोगलंय. सगळ्यात मोठी चूक आम्ही केली ती म्हणजे नुसतं "धूळ येते" असं लिहिलं. त्यावर कोणी काय करणार, धूळ तर सगळीकडेच येते. नियम कोणता मोडला ते लिहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामाच्या धुळीसाठी नियमावली काढलीय, तिची प्रिंट काढून घ्या. प्लॉट एक एकरापेक्षा मोठा असेल तर भोवती ३५ फूट उंच पत्रे, लहान असेल तर २५ फूट. इमारत ७० मीटरच्या वर जाणार असेल तरी ३५ फूटच. चालू कामाला हिरवं कापड नाहीतर ताडपत्री चारी बाजूंनी, पाडकाम करताना पाणी मारत राहायचं, रॅबिट म्हणजे पाडकामाचा राडारोडा नेणारा डंपर झाकलेला, आणि गेटबाहेर पडताना त्याची चाकं धुतलेली पाहिजेत. तुमच्याकडे यातलं काय नाही ते बघा. आमच्याकडे चाकं धुवायची जागाच नव्हती, अख्ख्या गल्लीत मातीचे पट्टे, फोटो काढायलाही कष्ट नाही पडले.

मग पालिकेच्या हेल्पलाइनला, १९१६ ला फोन, तक्रार नंबर लिहून घ्यायचा, आणि तोच नंबर टाकून सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला पत्र. तुमचा वॉर्ड एम पश्चिम. एक कॉपी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पत्राच्या कॉपीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका, शिक्का नसला तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजा.

खोकला_नंबर_वन
काय उपयोग नाय हो. आम्ही पण केली होती तक्रार, साहेब येणार त्या दिवशी साइटवर असं पाणी मारलं की गल्लीत होड्या सोडाव्यात. दुसऱ्या दिवशी परत जैसे थे.

मुलुंडचा_सेक्रेटरी
भाऊ, म्हणूनच एक फोटो देऊन भागत नाही. आमच्या वॉचमनकडे एक वही होती, डंपर किती वाजता गेला, झाकलेला होता की उघडा, एवढंच लिहायचं. पंधरा दिवसांची वही आणि तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडले तेव्हा नोटीस गेली. आणि काम थांबतच नाही असंही नाही, ३० डिसेंबर २०२४ ला भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली बांधकामं पालिकेने बंद ठेवायला लावलीच होती की.

हवामानवेडा
अॅपचं सांगतो. दोन्ही बरोबर असू शकतात, पट्ट्या वेगळ्या आहेत. बरीच खासगी अॅप अमेरिकेची पट्टी लावतात. पीएम २.५ म्हणजे नाकाला न अडकता थेट फुप्फुसात उतरणारी बारीक धूळ, ती हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर एक्यूआय १०० आणि शेरा समाधानकारक, अमेरिकन पट्टीवर तोच आकडा दीडशे ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटना तर २४ तासांना १५ च्या वर नको म्हणते. तर एक्यूआय सोडा, अॅपमध्ये खाली पीएम २.५ चा आकडा असतो तो बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर अॅप आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं सफर, दोन्ही सरकारी. पण तिथला आकडा २४ तासांच्या सरासरीचा, आणि मशीन तुमच्या गल्लीत नाही, त्यामुळे सकाळी अकरा वाजता तुमच्या खिडकीसमोर भिंत पडली ते त्यात दिसणार नाही. तक्रारीत फोटोच चालतात.

बाकी "मुंबईला समुद्र आहे, हवा धुऊन निघते" हे हिवाळ्यात विसरा. तेव्हा जमिनीकडून वारा वाहतो, समुद्राकडचं वारं उशिरा सुटतं आणि थंड हवेमुळे धूळ वर न जाता खालीच बसून राहते. सकाळी जास्त, दुपारी जरा मोकळं. सासूबाईंना फिरायला न्यायचंच तर दुपारनंतर न्या, बाहेर पडताना एन-९५ मास्क, कापडी नको, आणि पंप वाढलाय ते डॉक्टरांना आधी सांगा. घरात झाडू बंद, ओलं फडकं. मच्छरची कॉइल आणि उदबत्ती पण थोडे दिवस बंद ठेवा. आणि एक विचारू का, तुमच्या आवारात पालापाचोळा कोण जाळतं?

चेंबूरची_सूनबाई
हे काय विचारलंत! आत्ता खाली जाऊन आले. आमचाच सफाईवाला, रोज सहा वाजता मागच्या कोपऱ्यात पेटवतो, आणि तो कोपरा बरोबर सासूबाईंच्या खिडकीखाली. इतके दिवस सगळं पाप बिल्डरच्या माथी मारत होते. उद्या कमिटीत विषय काढते, पाला खड्ड्यात टाकू, खत होईल. पत्रे मात्र मोजले, म्हणजे आमच्या गॅलरीशी ताडून पाहिले, २५ फूट कुठले, १५ सुद्धा नसतील. पत्र लिहायला घेतलंय. सेक्रेटरी दादा, वहीत डंपरचा नंबर पण लिहायचा का?

मुलुंडचा_सेक्रेटरी
लिहायचाच. आणि वॉचमनला आधी चहा पाजा.